घरमालकीणबाईंची आचारसंहिता

संपूर्ण इंदूर शहरात निःपक्षपाती म्हणावं असं एकच माणूस मी पाहिलं, आणि त्या माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर मी सात वर्षं राहिलो. बाकीच्या इंदूरकरांना मतं असतात. पोहे कुणाचे चांगले, शेव कुणाची अस्सल, कुठल्या गणपतीला बोललेला नवस लवकर फळतो, यावर इथं रिक्षावाल्यापासून सर्जनपर्यंत प्रत्येकाचं पक्कं मत असतं आणि ते न मागता मिळतं. आमच्या घरमालकीणबाईंना मत नव्हतं. म्हणजे असेलही, पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात आपल्या यजमानांनी कुठल्या निवडणुकीत कुणाला मत दिलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. यजमान गेल्यावर वर्षभरानं मी एकदा भीत भीत तो विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं, प्रोफेसर. माणूस गेला म्हणून ते काही उघड नाही होत."

मी मूळचा सांगलीकडचा. सांवेर रोडवरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला म्हणून इंदूरला आलो आणि रामबागेत त्यांच्याकडे खोली मिळाली. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी होळकरांच्या दफ्तरात कारकून होतं, आणि तो कारकून अजून घरात वावरत असावा असा मला संशय होता. बाईंना सगळे काकू म्हणत. काकू मुलींच्या सरकारी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. निवडणुकीचं काम लागलं की इतर मास्तर मंडळींचे गुडघे, मणके आणि सासवा अचानक आजारी पडत. काकूंचं नाव यादीत आलं नाही तर त्या स्वतः कचेरीत जाऊन चूक कुणाची झाली याची चौकशी करत. पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख, हे काम त्यांनी इतक्या वेळा केलं होतं की घरही त्याच पद्धतीनं चालू लागलं होतं. कैरीच्या लोणच्याची बरणी भरली की तिच्या तोंडावर फडकं, फडक्यावर दोरा, दोऱ्यावर लाख, आणि बाजूच्या चिठ्ठीवर आम्हा तिन्ही बिऱ्हाडांच्या सह्या. बरणी उघडायची तेव्हा तिघांचे प्रतिनिधी हजर लागत. एका वर्षी मी परीक्षेच्या कामाला उज्जैनला गेलो होतो, तर घरात चार दिवस लोणच्याशिवाय वरण-भात खाल्ला गेला. गल्लीत दोन दूधवाले होते आणि त्यांचं आपसात वैर होतं, म्हणून एक दिवस ह्याचं दूध आणि एक दिवस त्याचं. खजरान्याच्या गणपतीला जाऊन आल्या की दुसऱ्या दिवशी न चुकता बडा गणपतीला. गणपती एकच आहे असं मी म्हणून पाहिलं. "देव एकच आहे," त्यांनी मान्य केलं, "पण केंद्रं दोन आहेत."

त्या आमच्या रेडिओवर आल्या त्याला मीच कारणीभूत. कॉलेजनं एक छोटंसं सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केलं होतं. सांवेरच्या अलीकडची पंधरा-वीस गावं ऐकू शकतील एवढाच त्याचा जोर. गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी बोलायचं, मध्ये गाणी लावायची, सोयाबीनवर कीड पडली तर काय फवारायचं ते सांगायचं, असा त्याचा साधा कारभार होता आणि इलेक्ट्रॉनिक्सचा म्हणून तो माझ्या गळ्यात पडला होता. एकदा भुट्ट्याच्या किसाची कृती सांगायला येणारी बाई ऐन वेळी आली नाही, तेव्हा मी काकूंना स्कूटरवर बसवून घेऊन गेलो. कृती त्यांनी चार मिनिटांत सांगितली. उरलेल्या दोन तासांत त्यांनी आमचं हजेरीपुस्तक तपासलं, घड्याळ दीड मिनिट पुढे असल्याचं दाखवून दिलं, आणि महिनाभरात कुठल्या गावच्या फर्माइशी किती वेळा लागल्या याची मोजदाद करून तीन गावांवर अन्याय झाल्याचं सिद्ध केलं. पुढच्या मंगळवारी त्या न बोलावता आल्या. नंतर दर मंगळवारी आल्या. सहा महिन्यांत गावोगाव त्यांना 'मैडमजी' म्हणून ओळखू लागले. आवाज गोड अजिबात नव्हता. इमला, म्हणजे शुद्धलेखन, घालणाऱ्या बाईंचा असतो तसा, सरळ, एका पट्टीतला, प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाऱ्याला लिहून घ्यायला वेळ देणारा. पण माणसं ऐकत. त्या जे सांगतील ते खरं असतं, एवढी एक गोष्ट हळूहळू पसरली होती.

मग सरपंचांच्या निवडणुका लागल्या. आमच्या टापूतल्या सगळ्या गावांत एकदम. आचारसंहिता लागल्याची बातमी आली त्या दुपारी काकू हातात चिन्हांची यादी घेऊन केंद्रावर हजर झाल्या. सरपंचकीला पक्ष नसतो, पण प्रत्येक उमेदवाराला चिन्ह असतं: कुणाला कुकर, कुणाला शिट्टी, कुणाला बादली, कुणाला ट्रॅक्टर, कुणाला पतंग, कुणाला नारळ. निकाल लागेपर्यंत यातली एकही वस्तू आपल्या रेडिओवर उच्चारली जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. असा नियम नाही, असं मी म्हटलं. "नियम नाही," त्या म्हणाल्या, "पण कुकरवाल्याचं नाव आपण रोज दोनदा घेऊन राहिलो आणि बादलीवाल्याचं हप्त्यातून एकदा. हे ठीक आहे का, तुम्हीच सांगा." त्या महिन्यात आमच्या पाककृतींमध्ये डाळ 'त्या भांड्यात' शिजत असे आणि 'तीन आवाज' झाले की खाली उतरत असे. कुठलं भांडं म्हणून फोन येत. काकू शांतपणे सांगत की रोज ज्यात लावता त्यातच लावा, नाव निकालानंतर कळवलं जाईल. शेतीवर बोलायला येणारे गृहस्थ ट्रॅक्टर हा शब्द टाळून एक कार्यक्रम कसाबसा निभावून गेले, नंतर त्यांनी महिनाभर फक्त गांडूळखतावर बोलणं पसंत केलं. फर्माइशींच्या यादीतून पतंग असलेली सगळी गाणी निघाली, आणि पतंग नसलेली गाणी किती थोडी आहेत हे मला तेव्हाच कळलं.

एका गावात सरपंचपद बाईसाठी राखीव होतं आणि दोघीजणी समोरासमोर उभ्या होत्या, म्हणजे खरं तर दोघींचे नवरे. हे दोघे एकाच दिवशी तासाभराच्या अंतरानं आमच्या केंद्रावर आले. पहिल्याला आपल्या बायकोच्या नावानं एक भजन लावून हवं होतं. दुसऱ्याला पहिल्यानं काय मागितलं ते कळायला हवं होतं, आणि तेही हवं होतं. काकूंनी दोघांना खुर्ची दिली, दोघांना पाणी दिलं, आणि दोघांना अगदी तेच उत्तर दिलं. दुसरा जाताना चिडून म्हणाला की मैडमजी समोरच्याला मिळालेल्या आहेत. पहिलाही हेच म्हणाला होता. काकूंना त्या दिवशी इतकं समाधान वाटलं की संध्याकाळी त्यांनी आम्हा तिन्ही बिऱ्हाडांना साबुदाण्याची खिचडी पाठवली, वाट्या मोजून, सारख्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून आमचं प्रसारण चालू होतं. ओळखपत्र कुठलं चालतं, म्हाताऱ्या माणसाबरोबर आत कोण जाऊ शकतं, मतपत्रिकेची घडी कशी घालायची, असं काकू सांगत आणि मध्ये मी पतंग नसलेलं एखादं गाणं लावे. बाराच्या सुमारास त्या राखीव जागेच्या गावातून तिथल्या किराणा दुकानदाराचा फोन आला. हा आमचा जुना श्रोता. शाळेच्या रस्त्यावरच त्याचं दुकान, गल्ल्यावर दिवसभर आमचा रेडिओ. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं, की शाळेत मतदान चालू असताना कुणीतरी खिडकीतून पाहिलं, मतदान घेणारा साहेब आतल्या खोलीतून एक नवी पेटी उचलून आणत होता. पेटी बदलली, अशी बोंब गावभर झाली. दोन्ही नवऱ्यांची माणसं ट्रॉल्या भरून शाळेच्या फाटकाशी जमली होती, काहींच्या हातात लाठ्या होत्या, रांगेतल्या बायका मुलं घेऊन भिंतीशी सरकल्या होत्या, आणि पोलिस दोनच होते.

मी काकूंना म्हटलं, ताबडतोब सांगून टाका की ही अफवा आहे. त्या म्हणाल्या, "मी पाहिलं का? मग मी अफवा आहे असं तरी कशी म्हणू? आणि ही बातमी झाली. बातमी द्यायची आपल्याला परवानगी नाही." मी म्हटलं, काकू, तिथं डोकी फुटतील. त्या भांड्यातलं पाणी प्यायल्या. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "माइक चालू करा. मी पद्धत सांगते. पद्धत ही बातमी नाही."

दुकानदार फोनवरच होता. रेडिओला भोंगा जोडून फाटकाशी नेतो म्हणाला. काकूंनी त्याला शाळेपासून शंभर मीटर मोजायला लावले, कारण त्याच्या आत भोंगा चालत नाही. दंगल पेटायच्या बेतात असताना हा माणूस शाळेच्या भिंतीपासून पावलं मोजत निघाला. त्याच्या हिशेबानं दुकान नव्वदावर येत होतं. मग त्यानं रेडिओ आणि भोंगा हातगाडीवर ठेवला आणि दहा मीटर पलीकडे नेऊन उभा केला.

काकूंनी गावाचं नाव घेतलं नाही, भांडणाचं नाव घेतलं नाही. मतपेटी म्हणजे काय इथून त्यांनी सुरुवात केली. सकाळी पेटी सगळ्यांसमोर उलटी करून दाखवतात. मग तिला कागदाची एक पट्टी लावून बंद करतात. त्या पट्टीवर नंबर असतो. दोन्ही बाजूंची माणसं, ज्यांना एजंट म्हणतात, ती आत बसलेली असतात. ती नंबर आपापल्या कागदावर उतरवून घेतात आणि पट्टीवर सही करतात. मतदान जास्त झालं की पेटी भरते. भरली की आतून दुसरी रिकामी पेटी आणतात, आणि तिचंही सगळं तसंच, पहिल्यापासून. पहिली पेटी कुठंही जात नाही. शेवटपर्यंत त्याच खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहते. हे त्यांनी एकदा सांगितलं, मग एक शब्दही न बदलता पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा सांगितलं. आवाज तोच, इमला घालणाऱ्या बाईंचा. तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी विचारलं, "आपके आदमी की जेब में वह नंबर लिखा हुआ है। किस-किस ने देखा है?" आणि त्या थांबल्या.

रेडिओच्या माणसाला शांततेसारखी भीती कशाचीच वाटत नाही. दहा सेकंद गेले, वीस गेले. मी गाणं लावायला हात पुढे केला. काकूंनी माझ्या मनगटावर आपला हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. पुढे काय झालं ते मला नंतर दुकानदारानं सांगितलं. सुरुवातीला लोक भोंगा बंद कर म्हणून ओरडत होते. मग त्या पद्धतीचं लांबण इतकं लागलं की ओरडणारे थकले आणि ऐकू लागले. आणि प्रश्न विचारून भोंगा गप्प झाला तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, कारण नंबर कुणीच पाहिला नव्हता. कुकरवालीच्या दिराचा मुलगा एजंट म्हणून आत बसला होता. दीर फाटकाशी गेला आणि पोलिसाला म्हणाला, जरा त्याला बोलवा. बादलीवालीच्या बाजूनंही एकाला बोलावलं. दोघांनी खिशातून कागद काढले. आतल्या साहेबानं पहिली पेटी खिडकीपाशी आणून धरली, सगळ्यांना दिसेल अशी. एकानं नंबर वाचला, दुसऱ्यानं वाचला, साहेबानं वाचला. तिन्ही सारखे निघाले. मग फाटकाशी जमलेल्या माणसांना करायला काही उरलं नाही. दुकानदार म्हणाला, त्यातल्या बऱ्याच जणांनी अजून मतच दिलं नव्हतं. त्यांनी लाठ्या भिंतीला टेकवल्या आणि रांगेत उभे राहिले.

निवडून कोण आलं ते काकूंनी विचारलं नाही. निकालानंतरच्या मंगळवारी मात्र त्यांनी पहिल्याच वाक्यात 'कुकर' असं स्पष्ट म्हटलं आणि टापूतल्या बायकांना हायसं वाटलं. कॉलेजनं त्यांचा सत्कार ठरवला, शाल आणि श्रीफळ. काकू नको म्हणाल्या. मला वाटलं नारळ चिन्हांच्या यादीत होता म्हणून. तसं मी हसत म्हणालोही. त्या हसल्या नाहीत. केंद्रावर तेव्हा आम्ही दोघंच होतो. त्यांनी दार ओढून घेतलं आणि मला सांगितलं.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा पीठासीन अधिकारी झाल्या तेव्हाची गोष्ट. गौतमपुऱ्याच्या पलीकडे एक लहान गाव होतं. दुपारी एक बाई आली, दिवस भरत आलेले, तीन कोस चालत माहेराहून फक्त मत द्यायला. यादीत तिच्या नावापुढे आधीच खूण होती. कुणीतरी तिचं मत देऊन गेलं होतं. बाई रडली नाही, भांडली नाही, नुसती उभी राहिली. काकूंनी तिला सांगितलं की आता काही होऊ शकत नाही. ती परत गेली. पुढच्या निवडणुकीच्या आधी पुस्तिका वाचताना काकूंना कळलं की होऊ शकत होतं. अशा माणसाची ओळख पटली तर त्याला वेगळी मतपत्रिका द्यायची असते, ती पेटीत न टाकता वेगळ्या लिफाफ्यात ठेवायची असते, आणि त्याचं नाव वेगळ्या यादीत लिहून सही घ्यायची असते.

"मतलब ते मत मोजत नाहीत सहसा," काकू म्हणाल्या. "कोर्टात गेलं तरच. पण लिहिलं तर जातं, प्रोफेसर, की ही बाई आली होती. मी ते पान पढलं नव्हतं."

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी हा नियम रेडिओवर सांगितला. सांगून झाल्यावर मला विचारलं की आपला आवाज कुठवर जातो. मी म्हटलं, हवा चांगली असेल तर सांवेरपर्यंत. गौतमपुऱ्यापर्यंत नाही जात? नाही, मी म्हटलं. मग रविवारी गाडी काढा, त्या म्हणाल्या.

रस्ता लांब होता आणि काकू फारसं बोलल्या नाहीत. गौतमपुरा आलं तेव्हा मी विषय काढायचा म्हणून हिंगोटचं विचारलं. तिथं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन गटांची माणसं एकमेकांवर पेटती फळं फेकतात. काकूंनी पद्धतीबद्दल नापसंती दाखवली नाही. निदान दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या असतात, एवढंच म्हणाल्या. त्या लहान गावात बाईचं नाव सांगताच पहिल्याच घरानं बोट दाखवलं. बाई अंगणात गहू पाखडत बसली होती. साठीची, काटक. काकूंनी हात जोडले आणि स्वतःची ओळख दिली, शाळा, साल, तारीख, केंद्र क्रमांक. बाईनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"तमने तो म्हारे कुर्सी पे बिठाड़ी थी," ती म्हणाली. तिनं सुनेला हाक मारून बोलावलं आणि तिला कौतुकानं सांगितलं की सबंध शाळेत एकच धड खुर्ची होती, या मैडमची स्वतःची, आणि त्यांनी ती मला दिली, वर पाणी दिलं. मताचं काय झालं होतं ते तिला नीट आठवत नव्हतं. कुणीतरी टाकलं होतं बहुतेक, ती म्हणाली. त्या काळी टाकायचेच. काकूंनी तिला सगळं समजावून सांगितलं, वेगळी मतपत्रिका, वेगळा लिफाफा, वेगळी यादी, आणि चूक माझी होती असं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग आता त्या मताचं काय होणार. काही नाही होणार, काकू म्हणाल्या. मग चहा घ्या, ती म्हणाली.

चहा होईपर्यंत काकू खाटेच्या कडेवर ताठ बसून होत्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "खुर्ची दिली. मत नाही दिलं." माझ्या पिशवीत केंद्राचं रेकॉर्डिंगचं यंत्र नेहमी असे. ते मी बाहेर काढून खाटेवर ठेवलं, का ते मलाही नीट सांगता येणार नाही. काकूंनी यंत्राकडे पाहिलं, मग त्या उठून बाईशेजारी जमिनीवर जाऊन बसल्या.

ते रेकॉर्डिंग पुढच्या मंगळवारी आम्ही लावलं. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट बातमी होत नाही, हे काकूंनी नियमात पाहून घेतलं होतं. गौतमपुऱ्यापर्यंत आमचा आवाज जात नव्हता, तेव्हा त्या बाईनं ते ऐकलं नसणार, आणि जी पंधरा-वीस गावं ऐकत होती त्यांना ती कोण हे ठाऊक नव्हतं. मी आता इंदूर सोडलं आहे. काकू अजून रामबागेतच आहेत. मंगळवारी त्यांना केंद्रावर कोण नेतं ते विचारायचं दर वेळी राहून जातं. त्या रेकॉर्डिंगची एक प्रत मी जवळ ठेवली आहे. अकरा सेकंदांची आहे. त्यात ती बाई आपलं नाव सांगते, नवऱ्याचं नाव सांगते, गावाचं सांगते, थोडी थांबते आणि म्हणते, "मैं आई थी।" मागे कुठंतरी सुनेच्या हातून भांडं पडल्याचा आवाज येतो. तो मी काढून टाकणार होतो. काकू म्हणाल्या, राहू द्या.